आधी बंद, मग तपासणी

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी गावातल्या समस्त पाळणाघरांचा बाप. ऑर्डर सकाळी निघाली आणि दुपारी कॅन्टीनवाला मला विचारून मोकळा झाला, "साहेब, चहा देऊ की दुधाची बाटली?"

इतकी वर्षं मी हॉटेलांचे परवाने बघितले. मी आत शिरलो की माणसं उभी राहायची, खुर्ची पुसायची. आता ज्यांना अजून धड उभंही राहता येत नाही त्यांच्या परवान्यांचं काम आलंय.

या टेबलावर माझ्या आधी होते ते गृहस्थ गेल्या महिन्यात निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात छातीवर हात ठेवून म्हणाले होते, माझ्या टेबलावर एकही कागद शिल्लक नाही. खोटं बोलले नाहीत. सगळे कागद कपाटात होते. दार उघडलं तर नूतनीकरणाचे अर्ज धबाधबा माझ्या अंगावर आले. एकूण एक पाळणाघराची मुदत टळून गेलेली, कुणाची वर्षापूर्वी, कुणाची त्याच्याही आधी. थोडक्यात, गावातलं प्रत्येक शेंबडं पोर सध्या बेकायदा झोपतं, बेकायदा उठतं आणि बेकायदा दूध पितं.

साहेबांनी आत बोलावलं. आमच्या साहेबांना सही करताना पेनाचं टोपण काढायलाही दुसरा माणूस लागतो. म्हणाले, "मार्चअखेर ही भानगड निस्तरा. एप्रिलमध्ये विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. पुढचं मी बोलायला नको." मी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. केबिन, दारावर पाटी, टेबलावर घंटी. एवढं एकदा मिळालं की मी घरी बसायला मोकळा.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही भाजी परतत होती, ती झारा हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "सगळीच पाळणाघरं? लॉन्ड्रीच्या वरचंसुद्धा?"

लॉन्ड्रीच्या वर पाळणाघर आहे हे मला हिच्याकडूनच कळलं. हिला कळायचं कारण म्हणजे ही अलीकडे रोज लॉन्ड्रीत जाते. मुलगा नोकरीला लांब गेल्यापासून हिचं माझ्या शर्टांवर फार लक्ष. ऑफिसात माझ्याइतकी कडक इस्त्री साहेबांचीही नसते. बायकोला वेळ असला की नवऱ्याचं असं भलं होतं.

भाजी करपली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

कामाची पद्धत समजून घेतली. नूतनीकरणाला तीन गोष्टी लागतात: अग्निशमनचा दाखला, आरोग्य विभागाचा दाखला, आणि दर सात मुलांमागे एक सांभाळणारी बाई. आधी पत्र पाठवायचं, मग स्मरणपत्र, मग तपासणी, मग मुदतवाढ. म्हणजे ज्या पोराच्या नावाने पत्र निघेल ते लग्नाला येईपर्यंत प्रकरण चालू.

मी माझी पद्धत काढली. आधी बंद, मग तपासणी. कुलूप लागलं की मालक दाखल्यासाठी आपोआप पळत सुटतो. हॉटेलवाल्यांना याच औषधाने मी वठणीवर आणलं होतं. साहेब खूश झाले. "वा, धडाका पाहिजे," म्हणाले आणि टोपण लावायला पेन माझ्याकडे दिलं.

शेजारच्या टेबलावर कुत्र्यांचे परवाने बघणारा बसतो. ऑफिसात त्याला सगळे कुत्रेवाला म्हणतात, तोही ओ देतो. त्याने विचारलं, "हॉटेल बंद झालं तर लोक घरी जेवतात. पाळणाघर बंद झालं तर पोरं कुठे जेवतील?"

मी म्हणालो, "घरी."

"आणि त्यांच्याबरोबर घरी कोण राहील?"

"असतं की प्रत्येक घरात कोणीतरी," मी म्हणालो. माझ्या घरी नाही का? याचं आयुष्य कुत्र्यांत गेलं, त्याला संसाराचं काय कळणार?

हिची मात्र थोडी काळजी वाटते. रात्री मी ताटावर बसलो तर म्हणाली, "हात दाखवा." मी दाखवले. "उलटे करा." केले. मग म्हणाली, "शाब्बास," आणि वाढलं. वय बोलायला लागलंय.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पूर्वेकडची पाच पाळणाघरं आज एका दमात बंद केली. सील लावताना लाखेचा चटका बसला, पण समाधान वाटलं.

एका ठिकाणी एक आई ऑफिसला जायच्या कपड्यांत पोराला कडेवर घेऊन उभी होती. म्हणाली, "मी आता याला कुठे नेऊ?" मी नियमाचा क्रमांक सांगितला. तिने तो लिहून घेतला नाही. पोराने माझ्या चष्म्याला हात घातला आणि काच धूसर करून ठेवली.

तिसऱ्या ठिकाणी कुलूप लावून खाली उतरलो तर कळलं, एक मूल आतच झोपलंय. पुन्हा वर जाऊन सील तोडावं लागलं. ते पोर डोळे चोळत बाहेर आलं आणि मलाच पाणी मागितलं. पंचनाम्यात ही बाब मी घेतलेली नाही.

हिला सगळं सांगितलं. एरवी ऑफिसचं काही सांगितलं तर हिचं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे असतं. आज मन लावून ऐकत होती. "कुठलं पाळणाघर आधी घेणार आणि कुठलं नंतर, ते कसं ठरवता?" म्हणाली. मी म्हणालो, पूर्वेकडून सुरू केलंय, लॉन्ड्रीकडचा भाग शेवटी. "म्हणजे अजून वेळ आहे," म्हणाली. माझ्या कामात इतका रस हिने इतक्या वर्षांत कधी घेतला नव्हता. माणूस मोठ्या जागेवर जायला लागला की घरच्यांना आधी कळतं म्हणतात ते खोटं नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डोक्याचा भुगा झाला. पाचही मालक दाखल्यांसाठी पळत सुटले, माझ्या अंदाजाप्रमाणेच. पण दाखला द्यायला अग्निशमनच्या बाई जागेवर नाहीत. चार दिवसांची रजा. कारण लिहिलंय "घरगुती". या बाई बंब घेऊन आगीत घुसतात आणि घरगुती कारणाने रजा काढतात.

आरोग्य विभागात गेलो. डॉक्टर हजर, पण दाखला टाइप करणारी बाई नाही. लेखा विभागात दोघी नाहीत. ज्या आहेत त्यांच्यापैकी एकीने पोरगी आणून टेबलाखाली बसवलीय. तिने गेल्या तिमाहीच्या हिशेबावर मेणखडूने हत्ती काढला. हत्ती चांगला होता, पण लेखापरीक्षकाला काय सांगणार?

सगळा आठवडा हा प्रकार चाललाय. साथबीथ आलीय की काय, देव जाणे. मी साहेबांना म्हणालो, कर्मचाऱ्यांना शिस्त राहिली नाही, हजेरीवर कारवाई करा. साहेब म्हणाले, हजेरीची क्लार्कच रजेवर आहे.

कुत्रेवाला माझ्याकडे बघून नुसता हसत होता. म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी म्हणालो, स्पष्ट बोला. तो म्हणाला, "सोमवारी बोलतो. आज तुम्ही रागात आहात, आणि मला तुमचा राग बघायला आवडतो."

२६ फेब्रुवारी, सोमवार

कुत्रेवाल्याने सांगितलं. अग्निशमनच्या बाईंचा चार वर्षांचा मुलगा पूर्वेकडच्या त्या पाचांतल्या एका पाळणाघरात होता. टाइप करणारीची मुलगी दुसऱ्यात. हजेरीवालीची जुळी तिसऱ्यात. म्हणजे मी पाळणाघर बंद केलं म्हणून बाई घरी बसल्या, बाई घरी बसल्या म्हणून दाखला मिळत नाही, आणि दाखला मिळत नाही म्हणून पाळणाघर उघडत नाही.

"आपलीच शेपूट पकडायला फिरणारी कुत्री मी बरीच बघितलीत," तो म्हणाला. "परवाना देतो मी त्यांना. पण त्यांनी तशी पद्धत काढली नव्हती."

मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. पण ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. त्या पोराला घेऊन उभी असलेली आई आठवली, आणि तिला मी क्रमांक सांगितला ते आठवलं. जेवण गेलं नाही.

हिला म्हणालो, "एका पोरासाठी अख्खं खातं अडलंय."

ही म्हणाली, "मग त्या बाईंच्या मुलाला चार दिवस कुणी सांभाळलं की झालं. त्या कामावर येतील, दाखले देतील, बाकीची उघडतील."

"सांभाळणार कोण? मुदतीतलं एकही पाळणाघर नाही गावात."

"मुलाला मुदत कळत नाही," ही म्हणाली. मग केळ्याच्या चकत्या करून वाटीत माझ्यापुढे ठेवल्या. मी केळं सोलून खाऊ शकतो, हे हिला माहीत असायला हरकत नाही. आणि शेवटची चकती खाल्ल्यावर टाळ्या वाजवल्या. एकदा डॉक्टरना दाखवायला हवं.

१ मार्च, गुरुवार

अग्निशमनच्या बाई मंगळवारी हजर झाल्या. तीन दिवसांत पाचही पाळणाघरं तपासली, टाइप करणारीनेही मुलीला मांडीवर घेऊन दाखले टाइप केले, आणि आज चार कुलपं मी स्वतः काढली. पाचव्याच्या कुलपाची किल्ली मोडली, ते उद्या.

बाईंना म्हणालो, मुलाची सोय झाली वाटतं. त्या म्हणाल्या, "लॉन्ड्रीवरच्या बाईंनी घेतला. त्यांच्याकडे एक आजी आहेत, त्या घरी येऊन सांगून गेल्या, आणा त्याला म्हणून. फार गोड बाई. पोरगं आता माझ्याकडे येताना रडतं."

मी मनात म्हणालो, वा रे गोड बाई. मुदत संपलेलं पाळणाघर, आणि वर नवीन भरती. अर्जात तेरा पोरं होती, ती चौदा झाली. चोरावर मोर म्हणजे हेच. सोमवारी सकाळी लॉन्ड्रीवरच जाणार. आधी बंद ही पद्धत मी सोडली आहे, आता आधी तपासणी. पण तपासणीत एक जरी खोट निघाली तर दयामाया नाही.

घरी हे सांगितल्यावर हिने प्रश्नांची सरबत्तीच लावली. वाळूच्या बादल्या किती? जिन्याला जाळी किती उंच? खिडकीला आतून कडी चालते का? औषधाची पेटी कुठे असावी? मी एकेक नियम समजावून सांगितला. शेवटी विचारलं, "आणि बाया किती?"

"चौदा पोरं, दोन बाया. मालकीण धरून."

"आणि दुसरी बाई शिकलेली नसली तर?"

"प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलं की बस. दोन दिवसांचा वर्ग असतो."

"ते आहे," ही म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे, असेल."

शिकवायला बसलं की मी वेळेचं भान विसरतो. उगाच नोकरीत शिरलो, मास्तर झालो असतो.

५ मार्च, सोमवार, दुपारी

ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये दार लावून लिहितोय.

लॉन्ड्रीच्या बाजूने लोखंडी जिना आहे. वर जाळी, नियमाच्या उंचीची. दाराबाहेर वाळूच्या बादल्या, जितक्या हव्यात तितक्या. खिडकीची आतली कडी काढून टाकलेली. औषधाची पेटी बरोबर तिथे, जिथे ती कुठल्याच पाळणाघरात नसते. मला वाटलं, ही बाई माझ्या मनात येऊन राहून गेलीय की काय. अग्निशमनचा दाखला लावलेला, सही ताजी. आरोग्याचाही.

मालकीणबाई चाळिशीच्या, बोलायला सरळ. म्हणाल्या, "काय बघायचं ते बघा साहेब, फक्त हळू. झोपवायची वेळ आहे."

आतल्या खोलीतून आवाज आला, "बूट बाहेर काढा. इथे मुलं रांगतात."

हा आवाज मी तेहेतीस वर्षं ऐकतोय.

ही खाली सतरंजीवर बसली होती. एक पोर मांडीवर, एक पाठीला टेकलेलं, एकाच्या पाठीवर हिचा हात. माझ्याकडे बघितलं आणि हात थापटायचा थांबवला नाही. मी म्हणालो, "तू इथे काय करतेस?" जरा मोठ्यानेच म्हणालो असणार, कारण मांडीवरचं रडायला लागलं.

"जागं केलंत," ही म्हणाली. "पलीकडे जाऊन कागद बघा. मी हिला झोपवून येते."

मी गेलो. काय करणार? मालकीणबाईंनी कर्मचाऱ्यांचा तक्ता पुढे ठेवला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं हिचं. रुजू झाल्याचा महिना गेल्या वर्षीचा. गेल्या वर्षी मुलगा गेल्यावर पंधरा दिवसांतच.

नियम मला पाठ आहे, कारण हॉटेलांत असताना मीच तो दुसऱ्यांवर लावला होता. जिथे अधिकाऱ्याचं जवळचं माणूस नोकरीला असेल, तिथे त्या अधिकाऱ्याला सही करता येत नाही. आणि हिचं नाव काढलं तर बाई एकच उरते. म्हणजे सात पोरं बाहेर. सगळं पाळणाघर नियमात बसतं, मी सोडून.

काही न लिहिता जिना उतरलो. बूट घालायला विसरलो, ते आणायला पुन्हा वर जावं लागलं.

६ मार्च, मंगळवार

काल रात्री अबोला. आज सकाळी मी कोंडी फोडली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता," ही म्हणाली, "आणि मग मला ते ऐकावं लागलं असतं."

"मी कशाला नको म्हणालो असतो?"

"म्हणाला असता. अधिकाऱ्याची बायको दुसऱ्यांची पोरं धुते, लोक काय म्हणतील. अगदी याच शब्दांत."

अगदी याच शब्दांत नसतं म्हणालो. पण साधारण तेच. म्हणून मी विषय बदलला. "निदान सुगावा तरी लागू द्यायचास. मी विचारलं असतं."

"तुम्ही कधी विचारलंत, दिवसभर काय केलंस म्हणून?"

पण हे अन्यायाचं आहे. मी रोज विचारतो, जेवायला काय आहे. तेही तिने दिवसभर केलेलंच असतं.

मग ही बाकावर बसली आणि आपणहून बोलायला लागली. मुलगा गेल्यावर घरात घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला होता. तुमचे शर्ट द्यायला गेले आणि वरून रडण्याचा आवाज आला. बघायला वर गेले, ती परत खाली आलेच नाही. एवढंच. "तिथे मला बघितल्यावर मुलं हात वर करतात," म्हणाली. "घेण्यासाठी. माझ्याकडे बघून शेवटचं कुणी हात वर केले होते, ते मला आठवत नाही."

मी पेपर डोळ्यांसमोर धरला. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

"तुमचा जो काय शेरा असेल तो लिहा," ही उठताना म्हणाली. "मी निघते. मला उशीर झाला तर बाईंना एकटीला चौदा जण आवरत नाहीत."

७ मार्च, बुधवार

साहेबांपुढे सगळं मांडलं. साहेब हसले. म्हणाले, "एवढंच ना? तक्त्यावरून वहिनींचं नाव काढा, मालकिणीच्या आईचं घाला. वहिनी जातात तशा जाऊ देत. कोण बघायला येतंय? तुमची सही होईल, केंद्र चालू राहील, आणि खुर्ची आहेच." मग सहीला पेन घेतलं आणि टोपणासाठी माझ्याकडे बघितलं.

मला पटलं. खरंच पटलं. साप मरतो, काठी शाबूत राहते. साहेबांच्या डोक्यातून इतकी शहाणपणाची गोष्ट निघेल असं वाटलं नव्हतं. घरी उड्या मारतच आलो.

हिला सांगितलं, "तुझं काम कुठे जात नाही. फक्त नाव नको. नावाशिवाय कर."

ही भांडी पुसत होती. हसली. वाईट हसली असंही नाही.

"ते जमेल मला," म्हणाली. "तेहेतीस वर्षांची सवय आहे."

आणि पुसलेलं ताट रॅकमध्ये ठेवलं.

ही भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडणाला उत्तर देता येतं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला फार वाईट वाटलं. हिच्याबद्दल की स्वतःबद्दल, ते नक्की सांगता येत नाही.

९ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर विचार केला. एकदा वाटलं, खुर्ची घ्यावी आणि पहिल्या पगारात हिला काहीतरी चांगलं घेऊन द्यावं. काय घ्यावं हे आठवायला गेलो. हिला काय आवडतं, याचा मला पत्ता नाही. माझ्या माहितीतल्या हॉटेलवाल्यांना काय आवडतं ते सगळं मला पाठ आहे.

आज सकाळी साहेबांना अर्ज दिला. सदर केंद्रात माझी पत्नी नोकरीस आहे, ती तिथे राहणार आहे, सबब मला या टेबलावरून हलवावे. साहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "सबबच्या पुढचं वाक्य खोडा, मी वाचलंच नाही असं समजतो." मी म्हणालो, वाचा. ते म्हणाले, "खुर्ची जाईल." मी म्हणालो, "जाऊ द्या." म्हणालो खरा, पण तोंडातून बाहेर पडल्याबरोबर ते परत घ्यावंसं वाटलं. हे शूरपणाचं काम मला मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी आदेश निघाला. कुत्रेवाला माझ्या टेबलावर, मी त्याच्या. त्याने खण रिकामा करून दिला. आत एक गळपट्टा आणि अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. "बिस्किट कुत्र्याचं आहे," म्हणाला. "मला कळायच्या आत मीच खाल्लं होतं."

घरी सांगितलं. हिने ऐकून घेतलं. रात्री माझा बिछाना हिने रोजच्यापेक्षा नीट घातला, किंवा मला तसं वाटलं.

१४ मार्च, बुधवार

लॉन्ड्रीवरच्या पाळणाघराचा परवाना झाला. कुत्रेवाल्याने तपासणीच्या शेऱ्यात लिहिलंय, "मुले आनंदात आहेत. मलाही राहावेसे वाटले." सरकारी कागदावर ही काय भाषा झाली? मी असतो तर नीट लिहिलं असतं. परवान्याच्या मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची नावं असतात. हिचं नाव छापलंय. मी ते बघायला माझ्या जुन्या टेबलापाशी तीनदा गेलो, शेवटी तो म्हणाला, "झेरॉक्स काढून देऊ का?" काढून घेतली.

विभागप्रमुखाची खुर्ची त्यालाच मिळणार असं कॅन्टीनवाला सांगत होता. मिळू दे. घंटी वाजवली तर कोण भुंकतंय ते बघू.

१६ मार्च, शुक्रवार

कुत्र्यांच्या टेबलावर संध्याकाळी काम नसतं. वेळेत निघालो. पाय घराकडे वळायच्या ऐवजी लॉन्ड्रीकडे वळले. कारण विचारलं तर सांगता येणार नाही.

जिन्यावर आयाबापांची रांग. मी मागे उभा राहिलो. सगळी पोरं एकेक करून गेली, शेवटी दाराजवळच्या बुटक्या बाकावर एकच उरलं, अग्निशमनच्या बाईंचं. बूट घालून तयार. त्याने मला खालून वर बघितलं.

"तू कुणाचा?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. मी म्हणालो, "मी आजीचा."

"खोटं," तो म्हणाला. "आजीला न्यायला कुणी येत नाही. ती आपली आपण जाते."

"आज मी आलोय."

त्याने विचार केला आणि सरकून जागा दिली. "मग इथे बस. बोलावल्याशिवाय उठायचं नाही." मी बसलो. गुडघे छातीला लागले. तेवढ्यात त्याची आई धावतपळत आली आणि तो माझ्याकडे न बघता तिच्या अंगावर चढला. मग मी एकटाच राहिलो. आतून भांडी घासल्याचा, केर काढल्याचा आवाज येत होता. मालकीणबाई डोकावून गेल्या, पण ही काम संपवूनच येणार म्हणाल्या.

ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं," मी म्हणालो. "तुला न्यायला आलोय."

हिचा विश्वास बसला नाही. "मुलाचा फोन आला होता का? खरं सांगा." मी पुन्हा सांगितलं, सगळे आहेत तिथे आहेत, मी फक्त न्यायला आलोय. तेव्हा कुठे ही त्या बुटक्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि बसूनच राहिली. मालकीणबाईंनी आतला दिवा मालवला, दाराला कुलूप लावलं, आम्हाला ओलांडून जिना उतरून गेल्या. तरी आम्ही तिथेच होतो.